वफ्रा आग पथक आणि काकड्यांचे नुकसान

जबाब देणारीचे नाव : सौ. रसिका सुयोग केळुसकर
वय : बेचाळीस, पासपोर्टाप्रमाणे
व्यवसाय : परिचारिका, वफ्रा शेतीभागातील दवाखाना
राहणार : दवाखान्यामागील क्वार्टर, सुट्टीच्या दिवशी खैतान येथे पती व मुलीसोबत
मूळ गाव : वेंगुर्ला, जिल्हा सिंधुदुर्ग
जबाबाचे ठिकाण व काळ : वफ्रा भागातील पोलीस ठाणे, कुवेत, मे २००१

मी वर नाव लिहिलेली बाई आज आपल्या पायांनी ठाण्यात आले असून, कोणाच्या धाकाने किंवा आमिषाने नव्हे तर विचारले म्हणून सांगते. धाक आणि आमिष दोन्ही येऊन गेली आहेत, त्यांचा उल्लेख पुढे येईल. मला अरबी दवाखान्यापुरती येते. कुठे दुखते, कधीपासून दुखते, तोंड उघडा, सुई टोचणार आहे. एवढ्या भांडवलावर जबाब देता येत नाही, म्हणून दुभाषी श्री. उदय यांना बोलावण्यात आले आहे. मी मराठीत सांगते, ते मराठीत लिहून घेतात आणि नंतर त्याचे अरबी करून तपास अधिकाऱ्यांना देणार आहेत.

तक्रार मला समजावून सांगण्यात आली. तीत म्हटले आहे की गेल्या गुरुवारी आम्ही तिघांनी पाण्याच्या टँकरने एका शेताचे लोखंडी गेट पाडले, परवानगीशिवाय आत घुसलो, काकडीचे हरितगृह पाण्याखाली घातले आणि कामगारांच्या खोलीच्या दाराची मोडतोड केली. यांतील गेट आणि काकड्या हे मला मान्य आहे. दाराबद्दल मला बोलायचे आहे.

प्रथम विचारण्यात आले की हे पथक कसले, आणि कोणाच्या परवानगीने चालते. पथकाला परवानगी नाही. बंद करा असेही आजवर कोणी सांगितले नव्हते. आम्ही स्वतःला वफ्रा आग पथक म्हणवतो. बाकीचे लोक आम्हाला काय म्हणतात ते सरकारी कागदावर लिहिण्यासारखे नाही.

पथकाची सुरुवात १९९५ च्या हिवाळ्यात झाली. सरकारी बंब बोलावले की लगेच निघतात, ते मी डोळ्यांनी पाहिले आहे. पण रस्ता लांबचा, आणि तेव्हा शेतांना पाट्या नव्हत्या. फोनवर पत्ता विचारला की सांगणारा सांगे, "खजुराची झाडे आहेत तिथे या." वफ्र्यात खजुराची झाडे नाहीत अशी जागा शोधावी लागेल. त्या हिवाळ्यात टोमॅटोचे एक हरितगृह पेटले. प्लास्टिकचा कागद आणि आतली सुतळी, भसाभस जळत गेले. आसपासच्या शेतांवरची आम्ही सगळी माणसे चहाचे ग्लास हातात धरून बघत उभी होतो. तेवढ्यात गर्दीतले एक गृहस्थ बोंबलू लागले, "वाऱ्याच्या बाजूनं या! अरे, वाऱ्याच्या बाजूनं!" कोणीही हलले नाही, कारण ते मराठीत ओरडत होते. मला कळले, म्हणून मी गेले. पथकाची स्थापना ती.

ते गृहस्थ म्हणजे श्री. हरिश्चंद्र भोईटे, सातारा जिल्ह्यातले, शेजारच्या शेतावर पाण्याचे पंप सांभाळतात. आपण गावाकडे नगरपालिकेच्या अग्निशमन दलात होतो असे त्यांनी त्याच दिवशी सर्वांना सांगितले, आणि आम्ही त्यांना कॅप्टन केले. पुढे असे समजले की ते नगरपालिकेचा पिण्याच्या पाण्याचा टँकर चालवत असत, लग्नकार्यात आणि उन्हाळ्यात. आगीचा बंब त्यांच्या टँकरशेजारी उभा राहत असे. एका छपराखाली इतकी वर्षे काढली की अनुभव येतोच, असे त्यांचे म्हणणे आहे. आम्हाला दुसरा कॅप्टन मिळण्यासारखा नव्हता, म्हणून तो विषय कोणी वाढवला नाही.

दुसरे श्री. मुस्तफा, इजिप्तचे, ट्रॅक्टरचे मेकॅनिक. त्यांना कुठलीही गोष्ट चालू करता येते. बंद करणे तितकेसे जमत नाही. तिसरे श्री. गफूर, केरळचे, चौकातला बकाला म्हणजे किराणा दुकान त्यांचे आहे. त्यांच्याकडे टेलिफोन आहे आणि दुकानातून चारी बाजूंचा धूर दिसतो. ते आगीच्या जागी येत नाहीत, कारण दुकान उघडे टाकता येत नाही. चौथी मी. भाजणे, धूर छातीत जाणे, घाबरून चक्कर येणे हे माझ्याकडे. सर्वांत जास्त काम शेवटच्या प्रकारात असते आणि त्यात बहुतेक वेळा पथकाचीच माणसे असतात.

पथकाचे नियम दोन आहेत. धूर दिसला की गफूरने आधी सरकारी नंबर फिरवायचा आणि पत्ता नीट सांगायचा, मग भोंगा वाजवायचा. भोंगा मुस्तफाने भंगारातल्या आइस्क्रीमच्या गाडीवरून काढून आमच्या पाण्याच्या गाडीवर बसवला होता, आणि ती गाडी गफूरच्या दुकानासमोर उभी असे. तो वाजला की गाणे सुरू होते आणि ते संपल्याशिवाय थांबत नाही. त्यामुळे सुरुवातीच्या काळात आम्ही आगीपाशी पोहोचलो की लोक कुल्फी मागत. आता लोकांना सवय झाली आहे, तरी एखादा नवा माणूस विचारतोच.

टँकर आमच्याकडे कसा आला असे विचारण्यात आले. सन १९९७ च्या थंडीत वाळवंटात तंबू ठोकून लोक राहायला येतात त्या दिवसांतली गोष्ट. आम्हाला एका बाजूने बराच धूर दिसला. तोवर आमच्याकडे ट्रॅक्टरमागे जोडलेली पाण्याची टाकी होती. आम्ही भोंगा वाजवत गेलो आणि कॅप्टनने हुकूम दिल्याबरोबर मुस्तफाने सगळी टाकी त्या धुरावर रिकामी केली. तिथे कोळशावर अख्खे मेंढरू भाजत होते आणि शेजारच्या पातेल्यात पाहुण्यांसाठी मचबूस भात शिजत होता. यजमान म्हणजे एक वृद्ध कुवेती गृहस्थ, त्यांचेही इथे शेत आहे. मी आणि मुस्तफा चौघांच्या वाटच्या माफ्या मागत होतो आणि कॅप्टन मात्र छाती पुढे काढून "फायर कंट्रोल, सर" असे म्हणत होते. म्हातारेबोवा इतके हसले की मला त्यांची नाडी बघावी लागली. मग ते म्हणाले, तुमचा वेग चांगला आहे, डोळे तपासा. आठवड्याने त्यांनी आपल्या शेतावरचा जुना टँकर आम्हाला पाठवून दिला. कागदपत्रे त्यांच्या नावावर आहेत. विचारले तर ते सांगतील. मेंढराचेही सांगतील.

या काळात पथकाने काय काय केले याची मोठी यादी देता येणार नाही. दोन छोट्या आगी आम्ही विझवल्या. काही आम्ही पोहोचेपर्यंत आपल्या आपण विझल्या होत्या, त्याही कॅप्टन आपल्यात धरतात. एकदा विहिरीतून बकरी काढली. एकदा सरकारी बंबाला रस्ता दाखवायला टँकर पुढे घेऊन गेलो, ते काम सर्वांत चांगले झाले. दर शुक्रवारी जेवणानंतर सराव असे. सरावात पाइप एकदा सुटून माझ्या क्वार्टरच्या खिडकीतून आत आला. माझ्या मुलीने, जुईलीने, आमचा सराव एकदा पाहिला आणि मला म्हणाली, "आई, प्लीज डोंट टेल माय फ्रेंड्स." मी कोणाला सांगितले नाही.

आता गुरुवारचे सांगते.

त्या दिवशी धुळीचा वारा होता. असरची, म्हणजे दुपार कलल्यावरची, अजान होऊन गेली होती. मी दवाखान्यात एका माणसाचा टाका काढत होते, तेव्हा भोंगा वाजला. डॉक्टरांना विचारले, ते जा म्हणाले. बाहेर आले तर उत्तरेला काळा धूर होता. साध्या गवताचा किंवा कचऱ्याचा धूर असा काळा नसतो. थर्मोकोलचा असतो. त्या शेतावर माल भरायची मोठी शेड आहे, तीत थर्मोकोलची खोकी आणि पुठ्ठे छपरापर्यंत रचलेले असतात, हे सगळ्यांना माहीत आहे. गफूरने सरकारी नंबरावर कळवले होते आणि पत्ता नीट सांगितला होता. मुस्तफा टँकर चालवत होते, मी मध्ये, कॅप्टन बाहेर पायरीवर उभे. आत जागा असली तरी ते पायरीवरच उभे राहतात.

गेटाला साखळी होती. रखवालदार आतल्या बाजूला होता. त्याने सांगितले की चाव्या मुकादमाकडे आहेत आणि मुकादम फहाहीलला गेला आहे. कॅप्टनने त्याला हिंदीत समजावले की आग लागली आहे. रखवालदार म्हणाला, "मालूम है, लेकिन परमिशन नहीं है." कॅप्टन मुस्तफाकडे वळून म्हणाले, "गेट!" त्यांना काय म्हणायचे होते ते त्यांनाच ठाऊक. माझा अंदाज आहे की त्यांना खाली उतरून बघ असे म्हणायचे होते. मुस्तफाने गिअर टाकला. गेट बिजागरीतून निघाले आणि टँकरच्या तोंडावर अडकून आमच्याबरोबर आत आले. भोंगा चालूच होता.

शेडची एक बाजू पूर्ण पेटली होती. पाइप जोडला, पंप सुरू झाला आणि जोडाच्या जागी पाइप फुटला. सगळे पाणी बाजूच्या हरितगृहात गेले. काकड्यांचे जे नुकसान झाले ते असे झाले. मुस्तफाने चिंधी आणि तारेने जोड बांधेपर्यंत पंप बंद करायला हवा होता, तो बंद होत नव्हता. काकडीला पाणी आवडते अशी माझी समजूत होती, पण इतके आवडत नसावे.

पाइप बांधत असताना मला शेडच्या मागून आवाज आला. आधी वाटले खोकी पडत आहेत. मग लक्षात आले की कोणीतरी पत्रा बडवत आहे. मी मागे गेले. शेडला लागूनच एक खोली आहे, भिंत एकच. तिच्या दाराला बाहेरून कडी होती आणि कडीत कुलूप होते. खिडकीत जिथे एसी असायचा ते भोक होते, त्यावर बाहेरून पत्रा ठोकला होता. मी हिंदीत ओरडले, कौन है. आतून मराठीत उत्तर आले.

"बाई, आमी हाव! नऊ जन हाव! बाहीरून कुलूप हाय, धूर आत यायलाय!"

तो बालाजी होता, नांदेडकडच्या धर्माबादचा. पायाला गळू झाले म्हणून माझ्याकडे येऊन गेलेला. त्यांना का कोंडले होते ते त्याने नंतर सांगितले. त्यांच्या खोलीचा एसी बिघडून बरेच दिवस झाले होते. सांगूनही कोणी दुरुस्त करेना, तेव्हा त्या दिवशी सकाळी या नऊ जणांनी तो एसी उचलून डांबरी रस्त्यावर नेऊन ठेवला आणि त्याच्याभोवती गोल करून बसून राहिले. येणारेजाणारे गाड्या थांबवून बघत होते. मुकादमाने त्यांना परत आणून खोलीत घातले. डोके थंड होईपर्यंत आत बसा, असे तो म्हणाला. मग तो फहाहीलला गेला. मुकादमाने जाळायच्या हेतूने कोंडले असे मी म्हणत नाही. आग कशी लागली हे मला माहीत नाही. तो विसरला असेल. चावी त्याच्या खिशात होती.

मी कॅप्टनला हाक मारली. हाक मारली म्हणजे काय केले ते सांगता येणार नाही, वेंगुर्ल्याच्या बाजारात ऐकू जावी तशी मारली. ते आले, मुस्तफा हातोडी घेऊन आले. छपराच्या कडेचे थर्मोकोल पेटून खाली गळत होते, ते दारावरही पडत होते. कुलूप मोठे होते आणि सैल लोंबत होते. हातोडी मारली की ते फिरायचे आणि हातोडी दारावर बसायची. दाराचे पोचे त्यामुळे आहेत. चार-पाच वेळा असे झाले. आतून बडवणे कमी झाले. तेव्हा कॅप्टनने दोन्ही हातांनी ते कुलूप धरले आणि दाराशी दाबून ठेवले. कुलूप तापलेले होते. मला वास आला. मी परिचारिका आहे, तो वास कशाचा हे मला ओळखता येते. कॅप्टन म्हणाले, "मार." मुस्तफाने मारली, ती कॅप्टनच्या अंगठ्यावर बसली. कॅप्टनने मुस्तफाला सातारच्या भाषेत जे सांगितले ते मुस्तफाला समजले असावे, कारण पुढचा घाव नेमका बसला.

नऊही जण बाहेर आले. दोघांना मी वाळूवर आडवे केले. बालाजी रांगत आला आणि मागे वळून मोजत बसला. मोजून झाल्यावरही तो मोजतच होता.

त्यानंतर सरकारी बंब आले आणि पुढचे काम त्यांनी केले. त्यांच्या प्रमुखाने कॅप्टनचे हात पाहिले आणि स्वतः धरून अँब्युलन्समध्ये बसवले. कॅप्टन त्यांना वाऱ्याची दिशा समजावून सांगत होते. हाताची सालटी कुलपाला राहिली होती. याहून जास्त या बाबतीत मला सांगायचे नाही.

पुढे शनिवारी शेताच्या बाजूने तक्रार झाली. टँकर ठाण्यात आणून लावण्यात आला आणि टँकर चालवला म्हणून मुस्तफाला इथे ठेवण्यात आले. रविवारी दवाखान्यात श्री. यूसुफ आले. ते त्या शेताचे मंदूब आहेत, म्हणजे सरकारी कचेऱ्यांतली कामे करून आणणारे. मूळ हैदराबादचे. त्यांनी खजुराचा डबा आणला होता. मी तो पेशंटांच्या बाकावर ठेवला, संध्याकाळपर्यंत संपला.

श्री. यूसुफ मला म्हणाले, "सिस्टर, बात लंबी नक्को करो. दरवाजा बंद था. बस. उतना बोलो."

मी म्हटले, "कुलूप होते."

"बंद भी तो सही हैच ना? झूठ थोडी बोलने को बोल रहा मैं. आप बंद बोले तो इधर से केस वापस. मुस्तफा बाहर. कॅप्टन का इलाज. टँकर भी तुम्हारा तुमको."

मी म्हटले, "आणि नाही बोलले तर?"

ते म्हणाले, "फिर ये भी निकलेगा ना सिस्टर, के आप ड्यूटी छोड के काय को गये थे. मैं नहीं निकालतुं, पर निकलता."

शिवाय त्यांनी सांगितले की नऊच्या नऊ कामगारांनी दाराला कुलूप नव्हते, आम्ही घाबरून बाहेर आलो नाही, अशा कागदावर सह्या केल्या आहेत. तेव्हा मी एकटीने कुलूप होते म्हटल्याने काही होणार नाही. हे सांगताना त्यांनी माझ्याकडे पाहिले नाही. ते वाईट गृहस्थ आहेत असे माझे मत नाही. माझ्याकडून रक्तदाब तपासून गेले. वाढलेला होता.

मी खोटे बोलणार नाही, मला रात्रभर ते पटत होते. बंद म्हणजे बंद. एका शब्दात मुस्तफा सुटत होता. त्याला इजिप्तला परत पाठवले तर तिथे त्याच्या घरची माणसे त्याच्यावरच आहेत. जुईलीची दहावी आहे. माझी नोकरी गेली तर आम्हाला खैतान सोडावे लागेल. मी खैतानला आमच्या यजमानांना फोन केला. ते म्हणाले, "तू ठरव, पण आधी ज्यांचं आहे त्यांना विचार." हे त्यांनी लग्नाला वीस वर्षे झाल्यावर पहिल्यांदा उपयोगाचे सांगितले.

म्हणून सोमवारी मी इस्पितळात कॅप्टनकडे गेले. त्यांच्या दोन्ही हातांना कोपरापर्यंत बांधले आहे, मुष्टियोद्ध्यासारखे दिसतात. मी त्यांना शिरा भरवला आणि सगळे सांगितले. शिरा संपेपर्यंत त्यांनी ऐकून घेतले. मग म्हणाले, "रसिकाताई, आपण बकरी काढली तेव्हा मी गावाला पत्र लिहिलं होतं की माणूस काढला. आता खरंच नऊ माणसं काढली, आणि कुलूप नव्हतं म्हणायचं? मग आम्ही काय तिथं हवा खायला गेलो होतो?" आणि वर म्हणाले, "फक्त मी हेल्मेट घातलं होतं एवढं लिवा." कॅप्टनने हेल्मेट घातलेले नव्हते. मी त्यांना हो म्हटले आहे, तरी हे त्यांना कळवू नये.

तिथून परत येताना गफूरच्या बकाल्यावर थांबले. गफूरने सांगितले की बालाजीचा फोन आला होता, कुठून ते त्याने सांगितले नाही. त्यांना दुसऱ्या कुठल्यातरी शेतावर हलवले आहे. निरोप माझ्यासाठी होता. गफूरला मराठी येत नाही, त्याने तो जसा ऐकला तसा पाठ करून ठेवला होता आणि मल्याळी चालीवर म्हणून दाखवला. "बाईला सांगा, आमी सही केली. पोटासाठी केली. बाईनी करू नये." गफूरने मला विचारले, याचा अर्थ काय. मी त्याला अर्थ सांगितला. त्याने मला पेप्सी दिली आणि पैसे घेतले नाहीत. गफूरला ओळखणाऱ्यांना यावरून प्रसंग समजेल.

आज जबाबाआधी अधिकाऱ्यांनी मला मुस्तफाशी बोलू दिले, त्याबद्दल आभारी आहे. मुस्तफाला मी आमच्या नेहमीच्या अर्ध्या हिंदी, अर्ध्या अरबीत समजावले की मी बंद म्हटले तर तो आजच सुटतो, आणि कुलूप म्हटले तर काय होईल ते सांगता येत नाही. तो गजांना धरून विचार करत उभा राहिला. मग म्हणाला, "सिस्टर, कुलूप नव्हते तर मी कॅप्टनच्या अंगठ्यावर हातोडी कशासाठी मारली? उद्या म्हणतील मुस्तफाने एका बापड्याला विनाकारण मारले. ती केस गेटाहून मोठी होईल." असे म्हणून तो हसला. हसताना त्याचा हात गजावर होता. मी तो परिचारिका म्हणून दाबून धरला.

तेव्हा माझे म्हणणे असे. गेट आम्ही पाडले. काकड्या आम्ही बुडवल्या. परवानगी नव्हती. भोंग्याबद्दलही कोणाची तक्रार असल्यास ती रास्त आहे. मी ड्यूटी सोडून गेले, डॉक्टरांना विचारून गेले, आणि पुन्हा भोंगा वाजला तर पुन्हा जाईन. दाराला बाहेरून कुलूप होते, आत नऊ माणसे होती, आणि चावी आवारात नव्हती.

मला यापुढे काही सांगायचे नव्हते. परंतु दुभाषी श्री. उदय यांनी अरबी मजकूर तयार करून तो मोठ्याने वाचला, तेव्हा दाराच्या वाक्यात मला जो शब्द ऐकू आला तो आमच्या दवाखान्याच्या दारावरच्या पाटीवर आहे. दवाखाना दुपारी मिटतो तेव्हा आम्ही ती उलटी करून लावतो. मी श्री. उदय यांना थांबवले आणि म्हटले की हे बंद झाले, मी कुलूप सांगितले होते. श्री. उदय म्हणाले, "ताई, अर्थ तोच होतो. साहेबांचा वेळ कशाला घ्यायचा?" त्यांच्या कपाळावर घाम होता. खोलीत एसी चालू होता. त्यांचाही व्हिसा कोणाच्या तरी हातात आहे.

मी खुर्चीवरून उठले आणि सरळ तपास अधिकाऱ्यांकडे बघून मराठीतच म्हटले, "साहेब, कुलूप."

अधिकाऱ्यांनी मान वर केली. श्री. उदय यांच्याकडे न बघता त्यांनी मला विचारले, "गुफ्ल?" कुलपाला अरबीत तेच म्हणतात, औषधांच्या कपाटामुळे मला ठाऊक आहे.

मी म्हटले, "हो. कुलूप."

त्यांनी पुन्हा तो शब्द स्वतःशी म्हटला, आधी त्यांच्यासारखा, मग माझ्यासारखा. मग श्री. उदय यांच्या हातातून कागद घेतला, तो शब्द खोडला आणि वर आपल्या हाताने नवा लिहिला. लिहिताना पेन इतके दाबले की अक्षर कागदामागून उमटले. त्यांनी शिपायाला काहीतरी सांगितले. मला त्यातले बालाजीचे नाव आणि "नऊ" एवढेच कळले.

हा जबाब मला मराठीत आणि अरबीत दोन्ही वाचून दाखवला. माझे शब्द माझेच आहेत, आणि खोडाखोड एकच आहे, ती माझ्या सांगण्यावरून, माझ्यासमोर झाली आहे. तिच्याशेजारी मी वेगळी सही केली आहे.

सही : रसिका सुयोग केळुसकर
दुभाषी : उदय (सही खोडाखोडीशेजारीही केली आहे, आपण होऊन)